लगाम कोणाच्या हाती?

एखाद्या राष्ट्राची औद्योगिक प्रकृती पारखायची असेल, तर त्या राष्ट्रात किती यंत्रे तयार होतात एवढे मोजून भागत नाही. त्या यंत्राचा कोणता भाग स्वतःच्या बुद्धीचा आणि कोणता उसनवारीचा, हेही तपासावे लागते. दुचाकी निर्मितीत भारत आज जगाच्या अग्रभागी आहे, ही अभिमानाची गोष्ट खरीच. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या आणि सुमारे ४२ लाख दुचाकी परदेशी रवाना झाल्या. प्रत्येक दुचाकीला दोन ब्रेक धरले, तरी केवळ नव्या गाड्यांसाठी एका वर्षात सुमारे पावणेपाच कोटी ब्रेक या देशातील कारखान्यांना लागले. रस्त्यावर आधीच धावत असलेल्या गाड्यांचे झिजलेले ब्रेक शू आणि पॅड बदलण्यासाठी लागणारा माल वेगळाच. एवढी प्रचंड मागणी ज्या देशाच्या अंगणात आहे, त्या देशाने या विद्येत जगाचे गुरुपद मिळवायला हवे होते. प्रत्यक्षात ते मिळाले आहे काय, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

हा प्रश्न ऐरणीवर आणला तो केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या एका मसुद्याने. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मसुदा अधिसूचनेत, १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या सर्व मोटारसायकली व स्कूटरना अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजेच एबीएस, बंधनकारक करण्याचा प्रस्ताव होता. प्रस्ताव बाहेर पडताच उद्योगजगतात चिंतेचे सूर उमटले. गाड्यांच्या किमती वाढतील, सामान्य माणूस दुरावेल, एवढ्या मोठ्या संख्येने एबीएस संच पुरवण्याची क्षमता आज देशात नाही, तेव्हा मुदत द्यावी, असे या म्हणण्याचे सार होते. किमतीच्या मुद्द्यावर बरीच चर्चा झाली. पुरवठ्याच्या मुद्द्यावर मात्र पुरेशी झाली नाही. वर्षाला दोन कोटींहून अधिक दुचाकी बनवणाऱ्या देशात त्यांना थांबवणारी यंत्रणा पुरेशी का नाही, याचा विचार त्या निमित्ताने व्हायला हवा होता.

ब्रेकची विद्या कशी वाढत गेली, हे थोडक्यात पाहिले म्हणजे अडचण कोठे आहे ते कळते. जुन्या गाड्यांचा ड्रम ब्रेक ही साधी रचना. चाकाच्या मध्यभागी एक पोकळ ड्रम आणि त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू. पायाने किंवा हाताने दाब दिला की शू फाकतात, त्यांवरील अस्तर ड्रमला घासते आणि चाक मंदावते. गावोगावचे मेकॅनिक हे काम डोळे मिटून करतात. त्यानंतरचा टप्पा डिस्क ब्रेकचा. येथे तेलाच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड पोलादी डिस्कला चिमटीत धरतात. १९६९ साली होंडाने सीबी ७५० ही मोटारसायकल पुढील चाकाला डिस्क ब्रेक लावून मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली आणि जगभरच्या उत्पादकांना तो मार्ग धरावा लागला. तिसरा टप्पा एबीएसचा. चाकाजवळचा संवेदक चाकाचा वेग सतत मोजतो. जोरात ब्रेक दाबल्यामुळे चाक जागच्या जागी जखडण्याच्या बेतात आले, की छोटा संगणक झडपांना आज्ञा देतो, तेलाचा दाब क्षणभर कमी होतो आणि पुन्हा वाढतो. एका सेकंदात हे अनेकदा घडते. चाक फिरत राहते, गाडी घसरत नाही आणि चालकाचा तोल टिकतो. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० या मोटारसायकलीवर ही सोय प्रथम दिली.

पहिल्या टप्प्यात लोखंड, ॲल्युमिनियम आणि कारागिराचा हात पुरेसा होता. दुसऱ्या टप्प्यात धातुशास्त्र आणि केसाएवढ्या अचूकतेचे यंत्रकाम आले. तिसऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स, संगणकाची आज्ञावली आणि हजारो किलोमीटरच्या चाचण्यांतून जमा झालेला अनुभव आला. भारताने पहिला टप्पा पूर्णपणे आत्मसात केला, दुसरा बऱ्याच अंशी केला. तिसऱ्याच्या उंबरठ्यावर मात्र पाय अडखळला आहे.

जगाच्या बाजारात ब्रेकच्या सुट्या भागांची मागणी वाढते आहे, त्यामागे गाड्यांच्या संख्येइतकाच कायद्याचाही हात आहे. युरोपीय संघाने १२५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलींच्या नव्या प्रकारांना २०१६ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना २०१७ पासून एबीएस सक्तीचे केले. ब्राझीलने २०१६ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने असाच नियम आणला. जपानने २०१८ मध्ये नव्या मॉडेलसाठी आणि २०२१ मध्ये चालू मॉडेलसाठी तो लागू केला. भारतही मागे राहिला नाही. एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून त्या गटातील सर्व गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना मात्र एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची कॉम्बी-ब्रेकची सोय, यांपैकी एक पुरेशी मानली गेली. साहजिकच उत्पादकांनी स्वस्त पर्याय निवडला. देशात खपणाऱ्या बहुसंख्य दुचाकी याच गटातील आहेत. दूधवाला, शाळामास्तर, कारखान्याचा कामगार, पोस्टमन, शेतमाल घेऊन तालुक्याला जाणारा शेतकरी, हे सारे याच गाड्यांवर असतात.

या मंडळींच्या जिवाचा हिशेब सरकारी अहवालात नोंदलेला आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के, म्हणजे जवळपास ७५ हजार, दुचाकीवरील होती. एखाद्या मध्यम तालुकागावाची सारी वस्ती दरवर्षी नाहीशी व्हावी, असा हा आकडा आहे. या साऱ्या मृत्यूंचे खापर ब्रेकवर फोडता येणार नाही. खड्डे, हेल्मेटचा कंटाळा, दारू, उलट्या बाजूने येणारी वाहने, अंधारात उभे असलेले ट्रक, अशी कारणे अनेक आहेत. परंतु ज्या अपघातात अखेरच्या क्षणी चालकाच्या हाती ब्रेकखेरीज काहीच उरत नाही, त्या अपघाताचा निकाल काही मीटरांवर लागतो.

साधे गणित मांडून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. समोर अचानक गुरे आली आणि चालकाला सावध होऊन ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर ते १७ मीटर गेलेच. त्यानंतर चांगला ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला ६ मीटरने घटवू शकत असेल, तर गाडी आणखी सुमारे २३ मीटरांत थांबते, म्हणजे एकूण ४० मीटर. झिजलेल्या अस्तराचा निकृष्ट ब्रेक दर सेकंदाला ४ मीटरनेच वेग घटवत असेल, तर गाडी एकूण जवळजवळ ५२ मीटर जाते. या बारा मीटरांच्या फरकात एखाद्या घराचा कर्ता पुरुष असतो किंवा क्लासहून परतणारी मुलगी असते. शिवाय पावसाळ्यात डांबरावर तेल आणि चिखल पसरलेला असताना पुढचे चाक जखडले, तर अंतराचा प्रश्नच उरत नाही. गाडी आडवी होते आणि चालक मागून येणाऱ्या वाहनासमोर पडतो. एबीएसचे मोल तेथे कळते.

आता या विद्येचे माहेरघर कोठे आहे ते पाहू. महाराष्ट्राने याबाबतीत मागासलेपणाची तक्रार करण्याचे कारण नाही. पुण्याजवळचे चाकण आणि छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज या औद्योगिक वसाहती देशातील दुचाकी उद्योगाची मोठी केंद्रे आहेत. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि डिस्क ब्रेक हा शब्द मध्यमवर्गीय घरातील तरुणाच्या तोंडी रुळला. या वाढत्या मागणीबरोबर संभाजीनगरात इंड्युरन्स टेक्नॉलॉजीजसारखा उद्योग मोठा झाला. ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून सुरुवात करून त्याने सस्पेन्शन, क्लच आणि ब्रेक असा विस्तार केला. ब्रेकच्या अस्तरांच्या क्षेत्रातील जुनी हिंदुस्थान कंपोझिट्स ही कंपनी आपला माल पैठण आणि भंडारा येथे बनवते. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी वाहनांच्या ओतीव भागांसाठी देशभर नाव कमावले आहे. पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही चाचणी व संशोधन संस्था उभी आहे. महाराष्ट्राबाहेर चेन्नईच्या परिसरात ब्रेक्स इंडिया, राणे आणि सुंदरम या उद्योगसमूहांनी ब्रेक व अस्तरांच्या कामात अनेक दशकांची परंपरा निर्माण केली आहे. हात आहेत, कौशल्य आहे, भांडवलही आहे.

तरीही चाकणमध्येच घडलेली एक कथा अंतर्मुख करणारी आहे. पुण्याच्या कल्याणी समूहातील कल्याणी ब्रेक्स ही कंपनी कालांतराने जर्मनीच्या बॉशकडे गेली आणि बॉश चॅसिस सिस्टीम्स इंडिया झाली. २००६ मध्ये या कंपनीने इटलीच्या ब्रेम्बो या विख्यात ब्रेक-उत्पादकाशी भागीदारी करून दुचाकींच्या ब्रेकसाठी निम्म्या-निम्म्या मालकीची एक कंपनी काढली. दोनच वर्षांत, २००८ मध्ये, ब्रेम्बोने ती पूर्णपणे स्वतःकडे घेतली. पुढे लहान व मध्यम क्षमतेच्या मोटारसायकलींसाठी ‘बायब्रे’ या नावाची वेगळी मुद्रा तिने प्रचलित केली. चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएमच्या आणि होसूरमध्ये बनणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या छोट्या मोटारसायकलींवर हेच नाव दिसते. कारखाना भारतात, कामगार भारतीय, ग्राहकही बव्हंशी भारतीय. कॅलिपरवर कोरलेले नाव मात्र बर्गामो प्रांतातल्या कंपनीचे, आणि त्या नावाचे मोल म्हणून ग्राहक जे जादा पैसे मोजतो, त्यांचा ओघही तिकडेच.

यात ब्रेम्बोचा दोष नाही. १९६१ साली एका छोट्या वर्कशॉपमधून सुरू झालेल्या या कंपनीने शर्यतीच्या मैदानावर आपला माल दशकानुदशके कसोटीला लावला आणि जगाचा विश्वास संपादन केला. तिने रोजगार दिला, अचूकतेची शिस्तही शिकवली. परदेशी उद्योगाचा द्वेष करून स्वदेशी उभी राहत नाही. त्याने जे तपश्चर्येने मिळवले ते आपल्याकडे का घडले नाही, हे प्रामाणिकपणे विचारल्यानेच ती उभी राहते.

जगातील मोठे उत्पादक या क्षेत्रात आपली फळी अधिकाधिक बळकट करत आहेत. ब्रेम्बोने २०२१ मध्ये डेन्मार्कची एसबीएस फ्रिक्शन ही ब्रेक-पॅड बनवणारी कंपनी आणि स्पेनची जे. जुआन ही दुचाकी-ब्रेकमधील कंपनी आपल्यात सामावून घेतली. त्याच वर्षी जपानमध्ये होंडाच्या परिवारातील निस्सिन कोग्यो, शोवा आणि केहिन या कंपन्या हिताचीच्या वाहन विभागाशी एकत्र येऊन हिताची ॲस्टेमो हा महाकाय उद्योग उभा राहिला. बॉशने आपल्या दुचाकी विभागाचे मुख्यालय जपानच्या योकोहामात नेले, कारण दुचाकीचे भवितव्य आशियात आहे हे त्यांनी ओळखले. आशियात एवढी मोठी बाजारपेठ भारताची असताना ते मुख्यालय पुण्यात का आले नाही, याचे उत्तर संशोधनाची संस्कृती कोठे रुजली आहे यात सापडते. या पटावर भारतीय उद्योगानेही एक आश्वासक खेळी केली आहे. इंड्युरन्सने २०२० मध्ये इटलीतील ग्रिमेका ही ब्रेक-उत्पादक कंपनी विकत घेतली आणि पुढे परदेशी तंत्रसहकार्याने भारतात एबीएस बनवण्यास प्रारंभ केला. अशी उदाहरणे दोन-चार न राहता दहा-वीस व्हायला हवीत.

वाहनांच्या सुट्या भागांच्या एकूण व्यापाराचे आकडेही हेच सांगतात. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे २,२९० कोटी डॉलरचे सुटे भाग निर्यात केले. त्याच वर्षी आयात झाली ती सुमारे २,२४० कोटी डॉलरची. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जवळजवळ परत गेले. देशात जे बनते त्यात वजनाचा वाटा मोठा असतो, बाहेरून जे येते त्यात ज्ञानाचा. ओतीव हब किलोवर विकला जातो. नियंत्रक चिप वजनावर विकत घेता येत नाही.

या परावलंबनाचे चटके दोनदा बसले आहेत. कोविडच्या साथीनंतर २०२०-२१ मध्ये जगभर चिप्सचा तुटवडा पडला, तेव्हा एबीएसच्या नियंत्रकांअभावी मोठ्या क्षमतेच्या भारतीय मोटारसायकलींचे उत्पादन रखडले. इंजिन तयार, सांगाडा तयार, रंग दिलेला, आणि गाडी अडली ती एका चिमुकल्या तुकड्यासाठी. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे उत्पादन त्या वर्षी घटवावे लागले. अँटी-लॉक ब्रेकच्या संवेदकापासून नियंत्रकापर्यंतची साखळी बाहेरच्या देशांच्या मर्जीवर राहिली आणि तो ब्रेक प्रत्येक दुचाकीला सक्तीचा झाला, तर सामान्य माणसाच्या वाहनाची लगाम कोणाच्या हाती जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

एबीएस इतकीच महत्त्वाची, पण चर्चेत न येणारी विद्या म्हणजे ब्रेकच्या अस्तराची. पॅडमध्ये तंतू, राळ, धातूची भुकटी, ग्रॅफाइट, खनिजे असे अनेक घटक ठरावीक प्रमाणात दाबून भाजलेले असतात. ते प्रमाण हे प्रत्येक कंपनीचे गुपित असते. पॅड फार मऊ झाला तर लवकर झिजतो, फार कडक झाला तर डिस्क खातो. घाटात तापला की पकड सोडतो, पावसात भिजला की किंचाळतो. पूर्वी या मिश्रणात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. तेव्हा ज्यांनी पर्यायी मिश्रणे आधीच शोधून ठेवली होती त्यांना बाजार मिळाला, आणि ज्यांनी चालढकल केली त्यांच्यासाठी युरोपचे दार बंद झाले. गॅरेजमध्ये जुना ड्रम उघडून हवेच्या झोताने धूळ उडवणारा पोरगेला मेकॅनिक काय श्वासात घेतो, हा विचारही त्या निमित्ताने व्हावा. कामगाराचे आरोग्य सांभाळणारा मालच जगात मान्यता पावतो, हा येथे शिकण्याजोगा धडा आहे.

मग बाजार आहे तरी कोठे? त्याचे तीन भाग पडतात. पहिला आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेचा. युगांडात बोडा-बोडा आणि नायजेरियात ओकाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारसायकल-टॅक्सी लक्षावधी कुटुंबांचे पोट भरतात, आणि त्यांत भारतीय बनावटीच्या गाड्यांना मान आहे. दोन-तीन उतारू आणि वर सामान घेऊन कच्च्या रस्त्यावर दिवसभर धावणाऱ्या या गाडीचे ब्रेक शू आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतात. गाडी एकदा विकली जाते, शू मात्र वारंवार. ही कायमची मागणी आज मोठ्या प्रमाणावर चिनी माल भागवतो. भारतीय गाडीचा मालक भारतीय सुटा भाग का मागत नाही, याचे कारण बहुधा तो त्याच्या गावच्या दुकानात वेळेवर पोहोचत नाही हे असते. या बाजारात जोखीमही आहे. २०२३ मध्ये नायजेरियाने आपल्या नायरा चलनाचा दर खुला केला आणि तो कोसळताच भारतीय गाड्यांच्या निर्यातीलाही फटका बसला. म्हणून एका टोपलीत सारे ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरा भाग आग्नेय आशियाचा. एकट्या इंडोनेशियात वर्षाला साठ लाखांहून अधिक दुचाकी खपतात, परंतु तेथे होंडा आणि यामाहाचे राज्य आहे आणि त्यांच्याबरोबर जपानी पुरवठादारांची पक्की साखळी. तिसरा भाग युरोप, जपान आणि अमेरिकेचा. संख्या कमी, किंमत मोठी आणि परीक्षा कठोर. या तिसऱ्या बाजाराचे प्रवेशपत्र म्हणजे मानके. बदली ब्रेक-अस्तरांसाठी युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील नियम क्रमांक ९० लागू आहे. ज्या १९५८ च्या करारान्वये एका देशाची मान्यता दुसरा देश स्वीकारतो, त्यात भारत सहभागी नाही. तांत्रिक नियमांच्या १९९८ च्या दुसऱ्या जागतिक करारात तो २००६ मध्ये सामील झाला आहे. परिणामी भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या लघुउद्योजकाचा माल कितीही चोख असला, तरी युरोपच्या बाजारासाठी त्याला करारातील एखाद्या देशाच्या यंत्रणेकडून वेगळी मान्यता घ्यावी लागते. मोठ्या कंपनीला तो खर्च जाणवत नाही. पंचवीस कामगारांच्या कारखानदाराचे मात्र त्यापुढे पाऊल अडते.

ही अडचण सोडवणे अवघड नाही. एआरएआयसारख्या संस्थांनी लघुउद्योजकांच्या समूहांसाठी सवलतीच्या दरात परदेशी मान्यतेच्या चाचण्या घडवून आणाव्यात. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग २०२१ पासून उपलब्ध आहे. त्याचा लाभ मोठ्यांपुरता राहू नये. २०२१ मध्ये केंद्राने वाहन व सुट्या भागांच्या उद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना आणली. अशा योजनांचा ओघ एबीएसच्या झडपा, संवेदक आणि नियंत्रक बनवणाऱ्या दुसऱ्या व तिसऱ्या फळीच्या पुरवठादारांपर्यंत झिरपला पाहिजे. बुद्धी कमी आहे अशी सबब येथे चालणार नाही. तेजस या लढाऊ विमानाच्या चाकांसाठी कार्बन-कार्बन ब्रेक डिस्क हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केल्या आहेत. विमान धावपट्टीवर थांबवण्याची विद्या ज्या देशाला साधली, त्याला मोटारसायकल थांबवण्याची विद्या उसनी घ्यावी लागावी, हे विसंगत आहे. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातील भिंत पाडण्याचे धैर्य तेवढे हवे.

आता किमतीचा मुद्दा. एबीएसमुळे गाडी काही हजार रुपयांनी महागेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. हप्त्यावर गाडी घेणाऱ्या कुटुंबाला ती रक्कम जाणवतेच, आणि एबीएसची सक्ती एका रात्रीत करता येत नाही, हे उद्योगाचे म्हणणेही रास्त आहे. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे विसरता येत नाही. करापूर्वी ६५ हजार रुपये किंमत असलेल्या गाडीवर ही बचत साडेसहा हजारांची होते. सरकारने सोडलेला महसूल ग्राहकाच्या पदरात पडला हे उत्तम झाले, पण त्यातील काही भाग त्याच्या जिवाच्या रक्षणासाठी खर्च करता आला असता. सुरक्षितता ही श्रीमंताच्या गाडीची शोभा आणि गरिबाच्या गाडीवरचा बोजा, असा भेद समाजहिताच्या कसोटीवर टिकत नाही. ज्याच्या घरात एकच मिळवता आहे, त्याच्या गाडीला चांगला ब्रेक अधिक गरजेचा. तेव्हा सरकारने पक्के वेळापत्रक जाहीर करावे, उद्योगाने ते पाळावे, आणि वाढवून मिळालेली प्रत्येक मुदत देशांतर्गत क्षमता उभारण्यासाठी वापरली जाते की नाही, याचा जाहीर हिशेब मागितला जावा. नाहीतर मुदत संपेल, नियम येईल आणि पेट्या उतरतील त्या परदेशी बंदरांतून आलेल्या.

जबाबदारी सरकार आणि कारखानदार यांच्यापाशीच संपत नाही. शहरोशहरीच्या बाजारांत नामांकित कंपनीच्या वेष्टनासारख्या वेष्टनात डुप्लिकेट ब्रेक शू आणि पॅड उघड विकले जातात. शे-दीडशे रुपये वाचवण्यासाठी ते बसवून घेणारा ग्राहक, माहीत असून ते बसवणारा मेकॅनिक आणि ते दुकानात ठेवणारा व्यापारी, हे तिघेही एकाच पापाचे भागीदार आहेत. ज्या घरात सोन्याचा कस पाहिल्याविना दागिना घेतला जात नाही, त्याच घरात मुलाच्या गाडीचा ब्रेक कोणत्या मालाचा आहे हे विचारले जात नाही. खरेदीची पावती मागणे, वेष्टनावरील मानकचिन्ह पाहणे, पावसाळ्यापूर्वी ब्रेक तपासून घेणे, दरवर्षी ब्रेकचे तेल पाहणे, यांत पैशापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. वस्त्यावस्त्यांतील सार्वजनिक मंडळांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या भागातील दुचाकींचे ब्रेक तपासण्याचे शिबिर घेतले, तर ते रक्तदान शिबिराइतकेच पुण्याचे ठरेल. रक्त देण्याची वेळ त्यामुळे थोडी कमी येईल. देशातील ग्राहक चोखंदळ झाला, की देशातील उत्पादकालाही चोख व्हावे लागते. जपानी मालाची कीर्ती आधी जपानी ग्राहकाच्या चिकित्सेतून जन्मली आणि मग जगभर गेली.

स्वदेशीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन बिघडेल या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात, आणि तो खपायला बराच काळ लागला. लक्ष्मणरावांनी ना शेतकऱ्याला दोष दिला, ना मालाचा दर्जा उतरवून तो स्वस्त केला. नांगर शेतात चालवून दाखवला आणि विश्वास मिळवला. १९१० मध्ये औंध संस्थानात उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीचा पाया असा घातला गेला. देशप्रेमाचे आवाहन करून माल एकदा खपतो. दुसऱ्यांदा तो गुणावरच खपतो. ब्रेकच्या बाबतीत तर दुसरी संधीच नसते.

जगाला येत्या काळात कोट्यवधी ब्रेक लागणार आहेत. लागोस आणि कंपालाच्या रस्त्यांना लागणार आहेत, जकार्ता आणि साओ पावलोला लागणार आहेत, आणि सर्वांत अधिक ते सोलापूर, नांदेड, चंद्रपूर, रत्नागिरीच्या रस्त्यांना लागणार आहेत. ते बनवण्याचे हात महाराष्ट्रात आणि देशात आहेत. ते सुचवण्याची बुद्धी आणि ते चोख बनवण्याचे व्रत यांची जोड त्या हातांना मिळाली, तर कॅलिपरवर कोरलेले नाव बदलायला एका पिढीचा अवधी पुरे आहे. रस्त्यावर निघालेल्या आपल्याच माणसाला संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचवणारा ब्रेक आधी येथे घडावा. जगाची मागणी मग आपसूक त्याच्या दाराशी येईल.